तडा बुजतो, की नुसता दिसेनासा होतो?

साखर कारखान्याच्या गिरणीतला रोलर मिनिटाला जेमतेम चार फेरे घेतो. गाळप हंगाम १२० दिवसांचा धरला, तर हे फेरे सात लाखांच्या घरात जातात. दर फेऱ्याला शाफ्टच्या पृष्ठभागाचा प्रत्येक ठिपका एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा शेकडो टनांचा भार असतो. उसाचा आंबूस रस बिडाचे कवच आणि पोलादी शाफ्ट यांच्या सांध्यात शिरतो, तिथे गंजाचे खड्डे पडतात आणि त्यातल्याच एखाद्या खड्ड्यातून केसाएवढी चीर आत सरकू लागते. ती आठवडेच्या आठवडे कुणाला दिसत नाही. मग ऐन हंगामात शाफ्ट तुटतो, गिरणी थांबते, गव्हाणीबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते आणि तोडलेला ऊस जागच्या जागी वाळत राहतो. त्याचे वजन घटते, उतारा घटतो, तोडणी मजुरांचे दिवस रिकामे जातात. लातूरचा ‘मांजरा’ असो की नांदेडचा ‘भाऊराव चव्हाण’, सहकारी कारखान्यांच्या भोवती ज्या गावांचे वर्ष फिरते तिथे पोलादातला तडा हा केवळ इंजिनिअरांच्या चर्चेचा विषय नाही, तो थेट उसाच्या पैशाचा विषय आहे. म्हणूनच पोलादातून क्षणभर प्रचंड वीजप्रवाह सोडून त्याची तडा रोखण्याची ताकद वाढवता येते, या संशोधनाकडे मराठवाड्याने गंभीरपणे पाहायला हवे. मात्र ‘नवे तंत्र आले, घेऊन टाका’ असे मला म्हणायचे नाही. हे तंत्र मोडीत निघालेल्या भागांवर, इथेच, तोडून तोडून तपासले जावे आणि त्या कसोटीला उतरल्याशिवाय चालू यंत्राला त्याचा हात लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ही तपासणी करायला नांदेड आणि लातूरइतकी योग्य जागा सहज सापडणार नाही.

आधी हे घडते कसे ते पाहू. तड्याचा खरा धोका त्याच्या लांबीत जितका असतो त्याहून जास्त त्याच्या टोकाच्या धारेत असतो. चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये हे गणिताने दाखवून दिले. त्याच्या सूत्राने हिशेब केला, तर दोन मिलिमीटर खोल चिरेच्या टोकाची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर असताना त्या टोकाशी येणारा ताण आजूबाजूच्या ताणाच्या सुमारे २१ पट होतो. तेच टोक बोथट होऊन त्रिज्या ०.२ मिलिमीटर झाली, तर ताण साधारण सातपटीवर येतो. चीर तेवढीच राहिली, धोका एक तृतीयांश झाला. पत्र्याला गेलेल्या चिरेच्या टोकाशी ड्रिलने भोक पाडून ती थोपवणारा कारागीर नकळत याच सूत्राचा वापर करत असतो. आता असा तडा गेलेल्या तुकड्यातून वीज सोडली, तर प्रवाहाला चीर ओलांडता येत नाही. तो वळसा घालून जातो आणि नेमका चिरेच्या टोकाशी दाटतो. जिथे प्रवाह दाट तिथे उष्णता जास्त. मिलिसेकंदाच्या, कधी त्याहून लहान स्पंदात टोकाभोवतीचा कणभर भाग तापून फुगू पाहतो, पण भोवतालचे पोलाद थंडच असल्याने त्याला फुगायला जागा मिळत नाही. तिथे दाब तयार होतो, चिरेच्या भिंती एकमेकींकडे ढकलल्या जातात. कधी टोक वितळून बोथट होते, कधी भिंतींचे काही भाग एकमेकांना चिकटतातही. या उपायाचे मोठेपण असे की तडा नेमका कुठे आहे हे कारागिराला शोधावे लागत नाही, तडाच प्रवाहाला आपल्या टोकाकडे ओढून घेतो. मर्यादाही याच गोष्टीतून येते. चीर प्रवाहाला आडवी असेल तरच वळसा पडतो. प्रवाहाच्या दिशेनेच गेलेल्या चिरेला तो स्पंद स्पर्शही न करता निघून जाईल.

ही कल्पना कालपरवाची नाही. सोव्हिएत रशियात ट्रॉइट्स्की आणि लिख्टमन यांनी १९६३ मध्ये जस्ताच्या स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून धातू मऊपणे वाकतो असे नोंदवले. पुढे अमेरिकेत हान्स कॉनराड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत स्पंदांचा धातूच्या थकव्यावर काय परिणाम होतो याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्टेनलेस पोलादातल्या थकव्याच्या चिरेवर दाट प्रवाह सोडून ती मिटताना आणि तिच्या भिंतींमध्ये जागोजाग पूल तयार होताना दाखवले. नंतर तोच तुकडा पुन्हा ताण देऊन पाहिला, तेव्हा चिरेची वाढ लांबली. प्रयोगशाळेबाहेर तर या तंत्राची सख्खी भावंडे रोज राबत आहेत. इंडक्शन कॉइलने क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग तापवून कठीण करायचा आणि त्यात उपयोगी दाब साठवून ठेवायचा, ही वाहन उद्योगात रुळलेली गोष्ट आहे. स्पॉट वेल्डिंगमध्ये दोन पत्र्यांतून क्षणभर हजारो अँपियर सोडले जातात. उच्च ताकदीच्या पत्र्यांत तो टाका थंड होताना ठिसूळ होतो, म्हणून काही ठिकाणी लगेच दुसरा, सौम्य स्पंद देऊन त्याला पुन्हा चिवट केले जाते. दुसरा स्पंद जोडण्यासाठी नसतो, तडा टाळण्यासाठीच असतो. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि पुढे वंदे भारतच्या शयनयान गाड्यांची बांधणी त्याच कारखान्याच्या वाट्याला आली. म्हणजे विजेने पोलाद जोडण्याची आणि जोड तपासण्याची भाषा या जिल्ह्याला आता परकी राहिलेली नाही. ज्या हातांना स्पॉट वेल्डिंगचे अँपियर, दाब आणि वेळ यांचे गणित बसवता येते, त्यांना स्पंदांचे गणित शिकवणे अवघड नाही.

आज तडा गेलेल्या शाफ्टचे होते काय? अनेकदा चीर खरवडून काढतात, वेल्डिंगने जागा भरतात आणि लेथवर मापात आणतात. काम नीट केले तर हा उपाय चांगला आहे. नीट करण्याच्या अटी मात्र कडक आहेत. शाफ्टचे पोलाद मध्यम कार्बनचे असते. ते आधी तापवून न घेता भरले, तर टाक्याशेजारचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो. वेल्डिंगचे रॉड दमट असतील तर त्यातल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि त्या ठिसूळ पट्ट्यात जाऊन बसतो. अशा वेळी तडा वेल्डिंग चालू असताना पडत नाही, काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडतो. तोवर काम पाहून, हात झाडून सगळे निघून गेलेले असतात. गिरण्यांची मोठी दुरुस्ती हंगाम संपल्यावर सुरू होते ती नव्या हंगामाच्या तोंडापर्यंत चालते, म्हणजे तिचा बराचसा काळ पावसाळ्यात जातो आणि रॉड कोरडे ठेवण्याची गरज नेमकी तेव्हाच सर्वात जास्त असते. या पार्श्वभूमीवर स्पंदांचे आकर्षण मला पटते. त्यात बाहेरचा धातू भरायचा नाही, त्यामुळे दमट रॉडचा प्रश्न नाही आणि शाफ्ट वाकण्याची भीतीही कमी. पण याच परिच्छेदाचा दुसरा अर्थही खरा आहे. रॉड भट्टीत सुकवणे, शाफ्ट आधी तापवणे, टाका घातल्यावर दोन दिवस थांबून मग तपासणे, या तीन गोष्टी जिथे होत नाहीत तिथे स्पंद देणारे महाग यंत्र आणूनही फारसे काही साधणार नाही. स्वस्त शिस्त आधी यायला हवी.

या तंत्रावर तज्ज्ञांचा पहिला आक्षेप असा की यात विजेचे वेगळे असे काही नाही, हा सगळा उष्णतेचा खेळ आहे. आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. साठ वर्षांपासून तो वाद चालू आहे. वाहते इलेक्ट्रॉन धातूतल्या दोषांना स्वतः धक्का देतात असे एका बाजूचे म्हणणे, तर मोजलेला परिणाम तापमानवाढीने पुरेसा समजतो असे दुसऱ्या बाजूचे. बर्कलीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये टायटॅनियमच्या एका मिश्रधातूत सलग प्रवाह आणि तुटक स्पंद यांचे परिणाम वेगळे येतात असे दाखवले, त्यामुळे नुसती उष्णता हे उत्तर सगळीकडे पुरत नाही हे उघड झाले. पण टायटॅनियम म्हणजे पोलाद नव्हे. माझ्या मते कारखान्याच्या दृष्टीने हा वाद दुय्यम आहे. उष्णतेनेच काम होत असले, तरी ती उष्णता अचूक तड्याच्या टोकाशी, सेकंदाच्या हजाराव्या भागात, बाकीचा शाफ्ट थंड ठेवून पोचवणे भट्टीला जमत नाही. शास्त्रज्ञांनी कारणाचा शोध घेत राहावे. आपल्याला मोजायचे आहे ते आयुष्य. मात्र या आक्षेपातून एक पथ्य निघते, ते पाळायलाच हवे. प्रत्येक चाचणीत काही तुकडे स्पंदाने आणि काही तुकडे फक्त भट्टीत तेवढ्याच तापमानाला नेऊन तपासले पाहिजेत, नाहीतर भट्टीचे श्रेय वीज लाटून जाईल.

दुसरा आक्षेप आकाराचा आहे आणि तो जास्त जड आहे. घरातल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून साधारण २० अँपियर जातात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला आठ. प्रयोगशाळेत हा आकडा हजाराच्या घरातही नेतात. दहा चौरस मिलिमीटर छेदाच्या नमुन्याला त्यासाठी दहा हजार अँपियर लागतात, आणि कपॅसिटरच्या संचातून ते क्षणभर मिळवता येतात. पण ४०० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचा छेद सव्वा लाख चौरस मिलिमीटरचा असतो. तिथे तोच हिशेब साडेबारा कोटी अँपियरवर जातो. हे होणे नाही. ज्या कुणाच्या माहितीपत्रकात अख्ख्या शाफ्टला ‘टवटवीत’ करण्याचे वचन असेल, त्याला हा गुणाकार दाखवावा. शिवाय स्पंद जितका छोटा तितका प्रवाह पोलादाच्या पृष्ठभागाकडे सरकतो, त्यामुळे खोल गाभ्यातला दोष त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून पहिली लढाई मोठ्या शाफ्टवर लढूच नये. ऊसतोडणी यंत्रांची आणि कटरची पाती, पंपांचे बारीक शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, रोटाव्हेटरची पाती, स्प्रिंगा, वेल्डिंगचे लहान टाके, असे छेद लहान आणि संख्या मोठी असलेले भाग घ्यावेत. लातूर आणि नांदेडच्या औद्योगिक वसाहतींतून, तालुक्याच्या गावच्या गॅरेजांतून असे तुटके भाग ढिगाने भंगारात जातात. संशोधकाला नमुने विकत घ्यायला लागू नयेत, असे हे भांडार आहे. मोठ्या शाफ्टवर पुढे कधी जायचे झाले, तर पृष्ठभागावरच्या एखाद्या उथळ चिरेच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून तेवढ्याच टापूतून प्रवाह नेता येईल का, हा स्वतंत्र आणि खरोखर रंजक प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप सहसा कुणी मोठ्याने बोलून दाखवत नाही, आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. आज कारखान्यात तडा शोधण्याची दोन मुख्य साधने आहेत. रंगीत द्रव चिरेत मुरवून ती उघड करणे आणि अल्ट्रासोनिक लहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी ऐकणे. दोन्ही साधने चिरेतल्या फटीवर विसंबून असतात. स्पंदाने भिंती नुसत्याच एकमेकींवर दाबल्या गेल्या आणि जुळल्या नाहीत, तर द्रव आत शिरणार नाही, लहरीही बऱ्याच अंशी आरपार निघून जातील. तपासनीस ‘ठीक’ असा शेरा मारेल आणि तडा जागच्या जागी असेल. गिरणीतला तडा तर रसाने आणि गंजाने आतून माखलेला असतो. भिंतींवर गंजाचा थर असताना धातूला धातू चिकटणे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ नमुन्याइतके सोपे नसते. म्हणजे हे तंत्र अर्धवट वापरले तर ते धोका कमी करण्याऐवजी धोक्याची खूणच पुसून टाकेल. न वापरण्यापेक्षा ते वाईट. या आक्षेपाला शब्दांनी उत्तर देता येत नाही, तुकडा तोडूनच द्यावे लागते. स्पंद दिलेला भाग फिरत्या वाकाच्या यंत्रावर लावून तुटेपर्यंत फिरवायचा, फेरे मोजायचे, मग तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जुनी चीर जुळली होती की नुसती मिटली होती हे ठरवायचे. काही तुकड्यांत मुद्दाम उसाच्या रसात गंजवलेली चीर हवी, कारण आपला शत्रू तोच आहे. असे निकाल हाती येईपर्यंत ‘अल्ट्रासोनिकमध्ये काही दिसले नाही’ हे या तंत्राच्या यशाचे प्रमाण मानू नये, ही अट मी सगळ्यांत वर लिहीन.

याच कारणाने रुळांचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. नांदेड हे रेल्वेच्या विभागाचे ठाणे आहे, आणि थंडीत आकसणाऱ्या लांब जोडलेल्या रुळांना तडे जाणे ही तिथल्या गस्तीवाल्यांना माहीत असलेली गोष्ट. साहजिकच ‘रुळांवर वापरा’ असा सूर निघेल. पंजाबात खन्नाजवळ २६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे तुटलेल्या रुळाने दोनशेहून अधिक जीव घेतले. इंग्लंडात हॅटफिल्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी थकव्याच्या चिरांनी पोखरलेल्या रुळाचे शेकडो तुकडे झाले आणि चार जण गेले. हॅटफिल्डनंतर तिथे उपाय झाले ते तपासणी, रूळ घासणे, वेगावर बंधन आणि खराब रूळ सरळ बदलणे. तेच बरोबर होते. ज्याच्या तुटण्याने माणसे मरतात तो भाग शंका आली की बदलायचा असतो. तिथे बरे करण्याच्या प्रयोगाला जागा नाही.

विजेला जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. पोलादाचा चिवटपणा मुळात ते वितळवताना ठरतो. बांधकामाच्या सळ्यांचे भारतीय मानक पाहा. ‘एफई ५००’ सळीत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यापर्यंत चालतो आणि तुटण्यापूर्वी ती किमान १२ टक्के ताणली जावी लागते. ‘५०० डी’ सळीत तीच मर्यादा ०.०४० टक्के आणि ताण किमान १६ टक्के. भूकंपात घर वाचवण्यासाठी सळीचे हे ताणणे किती मोलाचे, हे ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारीच्या पट्ट्याला समजावून सांगायची गरज नाही. बाहेरून दिलेला कोणताही स्पंद फॉस्फरस बाहेर काढत नाही. निकृष्ट पोलाद स्वस्तात घ्यायचे आणि विजेने त्याचे चांगले पोलाद करायचे, असा व्यवहार होऊ शकत नाही.

राहता राहिला पैशाचा आणि आवाक्याचा प्रश्न. पाण्यासाठी झगडणाऱ्या भागाने असल्या संशोधनात पडावे का, असे विचारले जाईल. आधी विजेचे बिल पाहा. एका स्पंदाला दहा हजार ज्यूल लागले असे धरले, तर एका युनिटमध्ये असे ३६० स्पंद बसतात. ऊर्जा हा खर्चाचा भाग नव्हेच. खर्च कपॅसिटर, जाड स्विच, इलेक्ट्रोडचे शिकंजे आणि सुरक्षा यांचा आहे, आणि सुरक्षेत काटकसर करता येणार नाही, कारण भरलेला कपॅसिटर माणसाला जागीच मारू शकतो. पण हे सगळे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकल्पाला झेपणारे आहे. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. इथल्या विद्यार्थ्यांची प्रकल्पांची पुस्तके दरवर्षी कपाटात जातात. त्यातले काही प्रकल्प शेजारच्या कारखान्याच्या तुटक्या शाफ्टवर झाले, तर ती पुस्तके कपाटाबाहेर पडतील. आणि समजा शेवटी असे सिद्ध झाले की स्पंदांचा गंजलेल्या चिरेवर काही उपयोग नाही. तरीही फेरे मोजणारे यंत्र, तुटलेला पृष्ठभाग वाचू शकणारी मुले आणि कोणता भाग कुठल्या कारणाने तुटतो याची पट्ट्यातली पहिली नोंदवही, एवढे मागे उरेलच. साखर कारखान्यांना त्याचा उपयोग स्पंदांवाचूनही होईल.

सुरुवात कारखान्यांच्या हातात आहे. गाळप संपल्यावर गिरण्या उघडल्या जातात आणि बाद झालेले शाफ्ट, पिना, पाती भंगाराच्या लिलावात वजनावर जातात. लिलावाआधी प्रत्येक तुटक्या भागाचा तडा गेलेला तुकडा कापून, त्यावर यंत्राचे नाव, किती हंगाम चालला, कधी आणि किती वेळा वेल्डिंगने भरला, याची चिठ्ठी बांधून तो महाविद्यालयाकडे पाठवावा. संचालक मंडळाच्या एका बैठकीत होणारा हा ठराव आहे. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. आणि त्या चिठ्ठीवर कारखान्याच्या मुख्य अभियंत्याची सही असावी, कारण हा भाग किती वेळा भरला होता, याचे खरे उत्तर आजवर कुठल्याही कागदावर नसते, ते फक्त त्याला आणि त्याच्या फिटरला माहीत असते.